अन्विताचा पेढा

“गिरणीतल्या साहेबांचा आहे,” उमेश म्हणाला आणि हातातला पिंजरा मागच्या पडवीत टेकवून असा चटकन बाजूला झाला, की तो थापा मारतोय हे कुणालाही कळावं. माझ्या नवऱ्याला आयुष्यात एक थाप कधी धड मारता आली नाही.

आत्या खाली वाकल्या. आमच्याकडे इचलकरंजीत सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणतात, तर या आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आक्काताई. पिंजऱ्यात गवताच्या ढिगाआड एक गुबगुबीत, बिनशेपटीचा जीव अंग चोरून बसला होता. रंग भाजलेल्या खव्याचा, कपाळावर पांढरा पट्टा.

“ससा म्हणायचा का उंदीर?”

“गिनीपिग म्हणतात त्याला. साहेब गावाला गेलेत. थोडे दिवस सांभाळायचाय.”

“साहेबांना पोरगी आहे वाटतं.” पिंजऱ्याच्या दाराला लाल रिबिनीचं फूल बांधलं होतं आणि वर चिकटवलेल्या पुठ्ठ्यावर वाकड्यातिकड्या अक्षरांत ‘पेढा’ असं लिहिलं होतं. “काय नाव तिचं?”

एका थापेची तयारी करून आलेल्या माणसाला दुसरी कुठून सुचणार? कामाची पाळी चुकेल म्हणत उमेशनं चपला पायात सरकवल्या आणि तो गिरणीकडे पसार झाला.

आत्या माझ्याकडे वळल्या. “राजश्री, तू सांग.”

मला खोटं बोलता येत नाही अशातला भाग नाही, पण त्या बाईसमोर ते जमत नाही. मी म्हणाले, “शैलाताईंच्या मुलीचा आहे. अन्विताचा.”

आत्या होत्या तिथंच फरशीवर बसल्या.

शैलाताई म्हणजे माझी नणंद. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. माझं लग्न व्हायच्या आधीच तिनं जातीबाहेरच्या मिलिंदशी रजिस्टर लग्न केलं होतं, आणि मामा तर आमच्या समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष. अध्यक्षांच्याच घरात असं घडलं म्हटल्यावर सभा बसली. भरल्या सभेत मामांनी सांगितलं, ती मुलगी आम्हाला मेली. त्याच संध्याकाळी त्यांनी घरी येऊन आत्यांना देवघरापुढं बसवलं, उमेशला त्यांच्यासमोर बसवलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. तिचं तोंड बघणार नाही, तिच्याशी बोलणार नाही, तिच्या दारात पाऊल टाकणार नाही. अशी शपथ मोडली तर ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्याचं बरंवाईट होतं, ही आत्यांची पक्की समजूत. त्याला आठ वर्षं झाली होती. शैलाताई राहायची कुरुंदवाडला, आमच्यापासून बसनं तासाभराच्या वाटेवर, पण या आठ वर्षांत आत्यांनी तिला रस्त्यात लांबूनसुद्धा पाहिलं नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. ते कुठं झालं, कुणी केलं, बाळ कुणाच्या तोंडावळ्यावर गेलं, काही म्हणता काही माहीत नाही. अन्विता हे नावसुद्धा त्यांना कळलं ते कुरुंदवाडहून बांगड्या घेऊन येणाऱ्या कासारणीकडून.

“तिनं स्वतः पाठवलं?” आत्यांनी विचारलं.

मला उमेशकडून कळलं होतं ते मी सांगितलं. पोरीच्या पोटात दुखत होतं ते अपेंडिक्स निघालं, आणि दवाखान्यात नेईपर्यंत ते आतल्या आत फुटलं होतं. मिरजेला मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. पोरगी शुद्धीवर आल्यापासून एकच धोशा लावून बसली होती, माझ्या पेढ्याला कोण खायला घालतंय? ज्या शेजाऱ्यांकडे पिंजरा ठेवला होता त्यांना गावी जावं लागलं, तेव्हा शैलाताईनं आठ वर्षांत पहिल्यांदा भावाला फोन केला. बाबा काशीहून यायच्या आत मी त्याला घेऊन जाते म्हणाली. आणि आईला माझं नाव सांगू नको म्हणाली.

“माझ्या जिवाला घोर नको म्हणून,” आत्या म्हणाल्या. “तशीच आहे ती पहिल्यापासून.”

मामा समाजातल्या मंडळींबरोबर काशीयात्रेला गेले होते. घरात आम्ही तिघंच. मी आत्यांच्या शेजारी टेकले आणि म्हटलं, “आत्या, मिरज काही लांब नाही. मी गाडी काढते. वॉर्डाच्या दारातून पोरीला नुसतं बघायचं आणि परत यायचं.”

“उमेशच्या डोक्यावर हात ठेवलाय मी.”

“असल्या शपथांनी कुणाचं काही होत नसतं.”

“तुझ्या पोटात त्याचं पोर आहे, आणि तू मला हे सांगतीस?”

मला पाचवा महिना होता. आत्यांनी डोळे पुसले, पदर खोचला आणि पिंजऱ्याची कडी काढली. “ह्याच्याबद्दल मात्र शपथेत काही नव्हतं,” त्या म्हणाल्या.

तिथून पुढं आमच्या घरात त्या जनावराचं जे कौतुक चाललं, ते माझ्या डोहाळ्यांचंही झालं नव्हतं. पहिल्या झटक्यात आत्यांनी दूध-पोळी कुस्करून वाटी पुढं सरकवली. उमेशनं शैलाताईला विचारून घेतलं तेव्हा कळलं, दूध नाही, पोळी नाही, धान्य नाही. गवत सतत पुढ्यात हवं, शिवाय कोथिंबीर, गाजर, ढोबळी मिरचीचे तुकडे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, याचं पोट रिकामं राहता कामा नये. एवढासा जीव, दिवसभर खाल्लं नाही तर आतडी थंडावतात आणि मग हातचा जातो.

आत्या सकाळी उठून शाळेच्या मैदानाच्या कडेला जायच्या आणि ओच्यात हराळी घेऊन यायच्या. गणपतीच्या दूर्वा निवडाव्यात तशी ती निवडायच्या, धुवायच्या, फडक्यावर कोरडी करायच्या. बैलाच्या अड्ड्याजवळ लसूणघासाच्या पेंढ्या मिळतात, तिथून पेंढी आणायला मला पिटाळायच्या. पिंजऱ्यातला कागद दिवसातून दोनदा बदलायच्या, बाटलीतलं पाणी तीनदा. गुडघे दुखतात म्हणून देवळात खुर्चीवर बसणारी ही बाई, पण पिंजऱ्यापुढं तासन् तास मांडी घालून बसलेली असायची. आणि बोलायची. कुणी ऐकत नाही असं पाहून हळूच बोलायची.

“तुझी मालकीण काय जेवते रे? भात का भाकरी? केस लांब आहेत का तिचे? हट्टी आहे का? तिची आई लहानपणी फार हट्टी होती. माझी आठवण काढती का रे तिची आई?”

मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि उगाचच भांडी वाजवत राहायची. मला त्या वेळी मामांचा असा राग यायचा, की ते काशीलाच राहिले तर बरं, इथवर विचार जायचा. मी काही फार सोशीक सून नव्हते.

एवढं सगळं करून पेढा खात नव्हता. एखादी काडी तोंडात धरायचा, चघळल्यासारखं करायचा आणि टाकून द्यायचा. कोपऱ्यात पाठ करून बसायचा. आवाज नाही, हालचाल नाही. त्याच्या अंगावरून हात फिरवला तर बरगड्या बोटांना लागायला लागल्या. आत्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आम्ही त्याला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांचा सगळा जन्म म्हशींत गेलेला, तरी त्यांनी त्याचे दात पाहिले, पोट चाचपलं.

“दुखणं काही नाही. हा माणसाच्या सवयीचा जीव असतो. जागा बदलली, माणूस दिसेना, म्हणून रुसलाय. रोज कोण भरवतं याला?”

“माझी नात,” आत्या म्हणाल्या.

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडला होता, तोही एका परक्या माणसापुढं.

“मग तिचीच वाट बघतोय,” डॉक्टर म्हणाले. “तोवर लसूणघास वाटून पातळ करा आणि सिरिंजनं घाला. थोडं थोडं, पण सारखं.”

मग ते सुरू झालं. मी पाट्यावर घास वाटायची, आत्या त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायच्या, ओठाच्या कडेनं सिरिंजचं टोक घालायच्या आणि एकेक थेंब सोडायच्या. निम्मं त्याच्या पोटात जायचं, निम्मं आत्यांच्या लुगड्यावर.

“राजश्री, हा जगायला पाहिजे गं.”

“जगेल की.”

“तसं नाही. ती पोरगी मला ओळखत नाही. आजी म्हणून तिच्या कानावर माझ्याबद्दल पहिली गोष्ट काय पडणार? माझा पेढा दिला होता, तिनं मारला.” त्यांनी सिरिंज परत भरली. “मग ती जन्मात माझं तोंड बघायची नाही.”

मध्ये गुरुवार आला. मामांचा गुरुवार म्हणजे आमच्या घरचा मोठा वार. किती तरी वर्षांचा त्यांचा नेम होता. दर गुरुवारी सकाळच्या बसनं नरसोबाच्या वाडीला जायचं, दत्ताचं दर्शन घ्यायचं आणि दिवस कलल्यावर पेढ्यांचा पुडा घेऊन परत यायचं. नेम एकट्यानं जायचा होता. आत्यांनी मी येऊ का म्हणून एकदा विचारलं तर त्यांनी मोडता घातला होता. आत्या घरी कडकडीत उपास करायच्या. मामा आले की पाय धुवायला पाणी द्यायच्या, प्रसादाचा पेढा कपाळाला लावून तोंडात टाकायच्या आणि मग दर वेळी तेच विचारायच्या, “माझं मागणं सांगितलं का देवाला?”

“सांगितलं,” मामा म्हणायचे.

मागणं काय होतं हे दोघांनाही माहीत होतं, मलाही माहीत होतं. वाडीची बस कुरुंदवाडावरूनच जाते. आत्या मला म्हणायच्या, “लेकीच्या गावावरून जायचं आणि मान वळवून बघायचं पण नाही. किती जिवावर येत असेल त्यांच्या. बोलून दाखवत नाहीत एवढंच.”

त्या गुरुवारी पेढ्याला भरवताना त्या म्हणाल्या, “ह्या वेळी माझं मागणं कोण सांगणार देवाला? ते तिकडं काशीला.”

मामा यायला अजून अवकाश होता. शैलाताईच्या लेकीला घरी सोडायची तारीख त्याआधीच पडत होती, त्यामुळं आम्ही निवांत होतो. पण यात्रेतल्या दोघातिघांची पोटं बिघडली, पुढचं गयेचं गणित मोडलं आणि मंडळी लवकर परतली. दुपारी मी कपडे वाळत घालत होते तर दारात रिक्षा थांबली. मामा उतरले. मी धावत पडवीत गेले. आत्या मांडीवर पेढ्याला घेऊन बसल्या होत्या.

“मामा आले.”

आत्यांनी त्याला पिंजऱ्यात ठेवलं, वर जुनं लुगडं टाकलं आणि पडवीचं दार ओढून घेतलं. मामा पडवीकडे फारसे यायचे नाहीत. उमेश आला की पिंजरा कुणाकडे तरी हलवू, असं मी खुणेनं सांगितलं.

मामांनी पाय धुतले, काशीचा गंडा आत्यांच्या हातात दिला, चहा घेतला. प्रवासाच्या गोष्टी सांगितल्या. कुणाची पिशवी हरवली, कुणी घाटावर कसं भांडण काढलं. आत्या हूं हूं करत होत्या आणि त्यांचं सगळं लक्ष बंद दाराकडं. मग मामा सोप्यातल्या आपल्या खुर्चीत ऐसपैस टेकले, कनवटीची चंची काढली, सुपारी घेतली आणि अडकित्ता चालवायला लागले. कट् कट् कट्.

पडवीतून शिटी ऐकू आली.

अशी तीक्ष्ण, लांबलचक, लागोपाठ शिटी, की माझ्या हातातली कपबशी निसटता निसटता राहिली. इतक्या दिवसांत त्या जनावराच्या तोंडून आवाज म्हणून निघाला नव्हता. आणि आता ते पिंजऱ्याच्या तारा दातांनी ओढत, सबंध घर दणाणून सोडत ओरडत होतं.

“कुकर लावलाय,” मी म्हणाले. गॅस बंद होता आणि ते सोप्यातून दिसत होतं.

मामांनी अडकित्ता मिटला. शिटी थांबली. मामांनी तो चंचीत घातला, चंची कनवटीला लावली आणि म्हणाले, “जरा पडतो आता. अंग आंबलंय.”

आणि ते उठले. माझा जीव भांड्यात पडला. पण आत्या हलल्या नाहीत. त्या मामांकडं बघत होत्या.

“तुम्ही विचारलं नाही,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“कसला आवाज म्हणून.”

“कुकर म्हणाली ना ती.”

“घरात उदबत्ती बदलली तर तुम्ही विचारता. भाजीवाला बदलला तर विचारता. एवढं जनावर ओरडलं, आणि तुम्ही अडकित्ता ठेवून दिला.” आत्या खुर्चीपाशी गेल्या आणि त्यांनी हात पुढं केला. “द्या बघू तो इकडं.”

मामांनी दिला नाही. आत्यांनी त्यांच्या कनवटीची चंची स्वतः ओढून काढली. लग्नाला चाळीस वर्षं होत आलेल्या त्या बाईनं नवऱ्याच्या अंगावरची वस्तू अशी ओढून घेतलेली मी कधी पाहिली नव्हती, बहुधा मामांनीही नसावी. त्यांनी पडवीचं दार उघडलं, लुगडं बाजूला केलं आणि अडकित्ता वाजवला. कट् कट्. पेढा मागच्या दोन पायांवर उभा राहिला, पुढचे पाय तारेवर टेकवले आणि शिट्या घालायला लागला. पण नजर आत्यांकडं नव्हती. तो त्यांच्या पलीकडं, दारात उभ्या राहिलेल्या मामांकडं नाक करून थरथरत होता.

आत्यांनी ताटातली कोथिंबिरीची जुडी उचलली आणि मामांच्या हातात दिली. “भरवा.”

“आक्काताई, ऐक—”

“भरवा त्याला. उपाशी आहे तो.”

मामा खाली बसले. त्यांनी कोथिंबीर नुसती कोंबली नाही, तर एकेक काडी वेगळी केली, देठाकडून पुढं केली आणि तोंडानं च् च् असा बारीक आवाज केला. ज्या जिवाला आम्ही दोघी थेंबाथेंबानं जगवत होतो, तो ती काडी अशी भराभर ओढून घ्यायला लागला, की बघत राहावं. एक संपली की त्यांच्या बोटांना नाक लावायचा. मामांची बोटं त्याच्या कपाळावरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून सवयीनं फिरली, आणि मग ती एकदम थांबली, कारण आम्ही बघत होतो हे त्यांच्या लक्षात आलं.

डॉक्टर म्हणाले होते ते बरोबरच होतं. तो ओळखीच्या हाताचीच वाट बघत होता.

“कधीपासून?” आत्यांनी विचारलं.

“पोरगी झाली तेव्हापासून.”

“बारशाला?”

“होतो.”

“आणि वाडी? दत्ताचं दर्शन?”

“ते पण घ्यायचो की. आधी दर्शन, मग तिकडं.” मामा पिंजऱ्याकडं बघतच बोलत होते. “जेवण तिथंच व्हायचं. जेवण झालं की मी सुपारी कातरायला बसायचो, आणि पोरगी म्हणायची, आजोबा, आता पेढ्याला द्या. त्याला सवय लागली.”

“मी इथं उपाशी बसायची.”

मामांनी पुढची काडी वेगळी केली.

“माझ्याकडून उमेशच्या डोक्यावर हात ठेवून घेतला. त्याला साधी शिंक आली तरी माझ्या पोटात गोळा यायचा, की माझ्या मनात तिचा विचार आला म्हणून तर नसेल. आठ वर्षं. आणि तुम्ही तुमची शपथ पहिल्याच वर्षी मोडली?”

“मी कुठं मोडली?” मामांनी मान वर केली. त्यांच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. मंडळात एखादा नियम समजावून सांगतात तसं ते सांगत होते. “शपथ तू घेतली होतीस. मी घेतलीच नव्हती.”

पडवीत नुसता पेढ्याच्या चावण्याचा आवाज येत होता.

“माणूस म्हणून समजून घे,” मामा पुढं म्हणाले. “समाजात मला तोंड दाखवायचं होतं. तुला मोकळं सोडलं असतं तर तू एका दिवसाआड गेली असतीस, डबे नेले असतेस, गल्लीत बोलली असतीस. बाईमाणसाला लपवायला जमत नाही. मी गुपचूप जात होतो, कुणाला कळलं नाही. दोन्हीकडचं राखलं मी.”

मला वाटलं, आता आत्या रडतील. त्या रडल्या नाहीत. त्या मामांच्या जवळ गेल्या. मामा खालीच बसले होते. आत्यांनी आपला उजवा हात उचलला आणि त्यांच्या डोक्यावर ठेवला. आमच्याकडे बायको नवऱ्याच्या पायाला हात लावते, डोक्याला कधी लावत नाही. मामा दचकले, पण त्यांना उठता येईना, एवढा तो हात दाबून ठेवला होता.

“ती शपथ मी मोडली,” आत्या म्हणाल्या. “पोराच्या डोक्यावरची काढून इथं ठेवली. जे काय व्हायचं असेल ते आता इथं होऊ दे.”

मामांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. इतकी वर्षं ज्या समजुतीच्या जोरावर त्यांनी तिला घरात बसवलं, ती समजूत त्यांचीही होती, हे मला त्या वेळी त्यांच्या तोंडावर दिसलं.

“राजश्री, गाडी काढ.”

त्या होत्या त्या साडीनिशी निघाल्या, लुगड्यावर लसूणघासाचे हिरवे डाग तसेच. मामा धडपडत उठले. “मी येतो. शैलानं मला फोनवर सगळं सांगितलंय. वॉर्ड कुठला, मजला कुठला, तुम्हाला सापडणार नाही.”

“तुम्ही थांबा,” आत्या म्हणाल्या. “तो तुमच्या हातचंच खातो.”

मिरजेपर्यंत त्या रस्त्याकडं बघत बसल्या. अंकलीच्या पुलावर मी एकदा विचारलं, पाणी हवंय का, तर त्यांनी नुसती मान हलवली. मी मनातल्या मनात त्या दोघींची भेट रंगवत होते. लेक गळ्यात पडेल, दोघी रडतील, मी पोरीला समजावीन ही तुझी आजी म्हणून. उमेशला फोन करून वॉर्ड विचारून घेतला होता, तो मुळीच अवघड नव्हता.

मुलांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर दोन वेण्या घातलेली, गालांची हाडं वर आलेली एक पोरगी उशीला टेकून बसली होती. शेजारी स्टुलावर एक बाई मोसंबी सोलत होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं तरी लगेच ओळखलं, कारण कपाळ, भुवया, सगळं आत्यांचं होतं. तिनं वर पाहिलं आणि ती उभी राहिली. मोसंब्याच्या फोडी तिच्या मांडीवरून खाली सांडल्या. पण ती धावत आली नाही. ती खाटेच्या आणि आमच्या मध्ये येऊन उभी राहिली, पोरीला पाठीशी घालून. ती घाबरली होती. आठ वर्षांनी आईला पाहून ती घाबरली होती.

“आई, तिला काही बोलू नको,” ती म्हणाली. “जे बोलायचं ते मला बोल. ती आजारी आहे.”

आत्यांना काही कळेना. “मी काय बोलणार तिला?”

“ह्या कोण?” पोरीनं मागून विचारलं.

“बाबा सांगतात मला सगळं,” शैलाताई म्हणाली. “माझं नाव निघालं की तू पानावरून उठतीस. फोटो सगळे चुलीत घातलेस. दर गुरुवारी मी त्यांच्याकडं निरोप द्यायची, आईला सांगा, माझं चुकलं, एकदा येऊ दे. ते परत येऊन सांगायचे, अजून राग गेला नाही तिचा. जरा थांब म्हणायचे.”

आत्यांनी खाटेच्या लोखंडी दांड्याला धरलं. मला वाटलं, त्या पडतील, म्हणून मी त्यांचा दंड पकडला. तो दंड दगडासारखा घट्ट झाला होता.

शैलाताई एक पाऊल पुढं आली. आईच्या साडीवरचे हिरवे डाग, विस्कटलेले केस, सगळं बघत राहिली. मग एखाद्या लहान पोरीसारखं, भीत भीत तिनं विचारलं, “आता गेला का गं राग?”

“नाही, शैला,” आत्या म्हणाल्या. “आत्ता आलाय.”